समुद्र नसलेल्या गावातलं क्वारंटाइन

खुर्ची

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला तेव्हा गणेश, माझा नवरा, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. "टीबी आहे, फुप्फुसाचा," असं त्यांनी सरळ सांगितलं. पुढचं त्या सांगत होत्या, तेवढ्यात गणेशनं खुर्ची मागे सरकवली. फार नाही, हातभर. तुमचा आजार कधी सुरू झाला असं आजही कुणी विचारलं, तर मी खोकला, संध्याकाळची कणकण, अंगावर सैल झालेले ब्लाऊज यातलं काही सांगत नाही. ती खुर्ची सांगते.

माझं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. आईवडील दर साल कारखान्यावर ऊसतोडीला जायचे, तिथं पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहायचे; मी मामाकडे राहून शिकले आणि इतिहासाची प्राध्यापक झाले. लग्न होऊन मिरजगावला आले. गावाबाहेर मळ्यात आमचं घर आहे, गणेशचं हायवेला खता-औषधांचं दुकान आहे. घरात आम्ही दोघं, सहा वर्षांची स्वरा आणि गणेशची आई. त्यांना मी आत्या म्हणते.

आजार निघाला तेव्हा माझं पीएचडीचं काम चालू होतं. विषय होता इंग्रजांच्या काळातलं बंदरांवरचं क्वारंटाइन. प्लेगच्या दिवसांत बोटीतून उतरणाऱ्या माणसांना धक्क्यावर कसं अडवलं, कसं तपासलं, छावण्यांत कसं ठेवलं, हे सगळं. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतो तिथल्या बाईनं बंदरांचा अभ्यास करायचा, याची कॉलेजात चेष्टा व्हायची. मी मुंबईला जाऊन जुने सरकारी अहवाल वाचून यायचे. त्यांची भाषा इतकी थंड असायची की माझीही तशीच झाली होती. ‘लोकांनी अज्ञानापोटी रुग्ण लपवले’ असं वाक्य मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि ते मला चांगलं वाटलं होतं.

नगर

छातीत पाणी झालं होतं, म्हणून आधी नगरच्या दवाखान्यात राहावं लागलं. पाठीत सुई घालून पाणी काढतात. दुखतं, पण त्यानंतर पूर्ण श्वास घेता येतो. ज्यांना हे करायचंय त्यांना एवढंच सांगेन की सुईकडे बघू नका, भिंतीकडे बघा.

सोबतीला माझी आई आली. गणेश रोज दाराशी यायचा, नर्सकडे फळांची पिशवी द्यायचा आणि दुकान आहे म्हणून निघून जायचा. आई मात्र तोंडाला पदर बांधून माझ्या कॉटखाली चटई टाकून झोपायची. मास्क लाव म्हटलं की लावायची, बोलायची वेळ आली की खाली ओढायची. मी चिडायचे. तिला लागण झाली तर काय, या भीतीनं मला झोप लागायची नाही. एकदा तिला म्हटलं, तू घरी जा, मी करते माझं माझं.

ती म्हणाली, "कोपीत एकाला ताप आला तरी समदी एकाच चुलीपाशी निजायची. येगळं ठिवायला जागाच न्हवती. आता तुझ्या घरात जागा लई हाय, तुला येगळं ठिवत्याल, म्हून मी आले."

आत्यांनी तिला फोनवर काय सांगितलं होतं ते मला नंतर कळलं. पोरीला बरी करून तिकडंच ठेवा, असं.

सकाळी झाडूपोछा करणारी एक मावशी यायची. माझे केस गळून उशीला चिकटलेले असायचे. तिनं एक दिवस काही न विचारता हातमोजे काढले, कंगवा घेतला आणि माझी वेणी घातली. त्या सगळ्या दिवसांत आईशिवाय कुणी मला हात लावला असेल तर तिनं, आणि कामापुरता डॉक्टर-नर्सनी. मला तिचं नावही माहीत नाही.

गोळ्यांनी मळमळायचं, लघवी केशरी व्हायची, तोंडाला चव नसायची. पण ताप उतरला. निघताना डॉक्टरीणबाईंनी गणेशला समोर बसवून समजावलं. सुरुवातीचे काही आठवडे हवेशीर खोलीत ठेवा, मास्क वापरा, गोळ्या चुकवू नका, त्यानंतर हिच्यापासून कुणाला काही होणार नाही. गणेशनं मान हलवली. तो मान फार चांगली हलवतो.

खताची खोली

हवेशीर खोली म्हणजे आत्यांनी खताची खोली काढली. गोठ्याच्या पलीकडे, एक खिडकी, तीही अर्धी विटांनी बुजवलेली. खताच्या गोण्या भिंतीला सरकवून कॉट टाकली होती. युरियाचा आणि फवारणीच्या औषधाचा वास नाकात बसला की खोकला दुप्पट व्हायचा. मी गणेशला म्हटलं, हॉलला दोन मोठ्या खिडक्या आहेत, मला तिथं झोपू दे, तुम्ही आत झोपा. तो म्हणाला, आईला जरा वेळ दे.

माझ्या साड्या आत्या चुलवणावर पातेल्यात उकळायच्या. काठांचा रंग उतरून सगळ्या साड्या एकाच मळकट रंगाच्या झाल्या. वाळत घालायला विहिरीपलीकडे वेगळी तार बांधली. मी खिडकीतून बघायचे. बंदरावर उतरलेल्या लोकांची गाठोडी वाफेच्या पेटीत घालत, हे मी चार ओळींत लिहून मोकळी झाले होते. गाठोडं परत हातात आल्यावर त्या बाईला काय वाटलं असेल, याचा विचार मला तेव्हा शिवला नव्हता.

आजार कुठून आला याचं उत्तर आत्यांकडे तयार होतं. मुंबईच्या जुन्या कागदांतून. त्यांनी वस्तीवर सगळ्यांना सांगितलं की ही प्लेगात मेलेल्या माणसांचे कागद चिवडत बसायची, त्यातली घाण घरात घेऊन आली. लोकांना ते पटलं. शेजारच्या बायका बांधावर उभ्या राहून खोलीकडे बघायच्या, मी खिडकीत आले की गवताकडे बघायच्या.

सगळ्यात वाईट स्वराचं झालं. तिला माझ्याकडे यायला बंदी होती. ती आत्यांजवळ झोपायची. एक दिवस अंगणातून तिनं ओरडून विचारलं, "मम्मी, तुझ्या अंगातले किडे मेले का?" मी विचारलं, कुणी सांगितलं किडे आहेत म्हणून. ती आत्यांकडे बघायला लागली. आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे संपले. पुढची थुंकी तपासली, तिच्यात जंतू नव्हते. मी रिपोर्ट गणेशच्या हातात दिला आणि म्हटलं, आता मला घरात घे. त्यानं रिपोर्ट आईला दाखवला. आत्या म्हणाल्या, कागदावर काय बी लिहित्यात. मी आणखी दोन महिने खताच्या खोलीत राहिले. डॉक्टरांनी ठेवलं म्हणून नव्हे. सासूनं ठेवलं आणि नवऱ्यानं ठेवू दिलं म्हणून.

जुने अहवाल वाचताना मला एक गोष्ट कायम टोचायची. वरच्या वर्गानं प्रवास करणारे लोक पत्ता लिहून देऊन आपापल्या घरी जायचे, आणि डेकवरची माणसं छावणीत. रोग दोघांनाही सारखाच होणार होता. कुणाला अडवायचं हे रोगावर ठरत नव्हतं. खताच्या खोलीत हे मला कुणी शिकवायची गरज उरली नाही.

काष्टी

आमच्या भागातल्या आशा सेविका मंगलताई सुरुवातीलाच येऊन सांगून गेल्या होत्या की घरातल्या सगळ्यांची तपासणी करायची. गणेशनं एक्स-रे काढला, स्वच्छ आला. स्वराचाही आला. पण लहान मुलाला लागण होऊ नये म्हणून गोळ्या द्यायला सांगितलं होतं. आत्या म्हणाल्या, चांगल्या पोरीला कशाला इख घालायचं. गोळ्या फ्रिजवर ठेवल्या गेल्या आणि तिथंच राहिल्या. मी खिडकीतून रोज विचारायचे. गणेश म्हणायचा, बघू.

आत्यांची तपासणी ज्या दिवशी ठरली, त्या दिवशी त्या काष्टीला लेकीकडे गेल्या. पुन्हा ठरली, पुन्हा काष्टीला बाजार होता. बंदराची तपासणी चुकवायला लोक अलीकडच्या एखाद्या खाडीत लहान होडीतून उतरत, हे मला माहीत होतं. पण तेव्हा मी आत्यांशी ते जोडलं नाही. मला वाटलं, त्या माझ्या तोंडाला कंटाळून जातात.

त्यांना खोकला होता. हिवाळाभर होता. सकाळी त्या शेताकडे जायच्या आणि लांब बांधावर उभ्या राहून खोकायच्या. अडुळशाचा काढा प्यायच्या. गणेशनं विचारलं तर, थंडीनं हाय, म्हणायच्या. खताच्या खोलीतून मला तो आवाज ऐकू यायचा. मी स्वतः असं खोकले होते, मला तो ओळखू यायला हवा होता.

वेणी

पुढे आत्या काही दिवस खरोखरच काष्टीला राहिल्या, नणंदेचं बाळंतपण होतं. त्या गेल्या त्या सकाळी मी उठले, अंथरूण गुंडाळलं आणि सरळ घरात गेले. गणेश दुकानावर निघाला होता. स्वराला मी आंघोळ घातली, समोर बसवलं आणि वेणी घालायला घेतली. कितीतरी दिवसांनी तिचे केस माझ्या हातात होते. ती शाळेतलं काहीतरी सांगत होती.

मानेच्या डाव्या बाजूला माझ्या बोटाला गाठ लागली. बोराएवढी. दाबली तर तिला दुखली नाही. तिच्या खाली आणखी एक होती, लहान.

बंदरावर डॉक्टर लोकांच्या काखा आणि जांघा चाचपून गाठी शोधत, आणि बायका त्यामुळे किती संतापल्या होत्या, यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलंय. त्या संतापाच्या बाजूनं लिहिलंय. त्या सकाळी मी माझ्या लेकीची मान, काखा, जांघा सगळं चाचपलं. तिनं "मम्मी, गुदगुल्या होतात" म्हटलं तरी थांबले नाही.

आम्ही तिला नगरला नेलं. गाठीत सुई घालून तपासलं. गंडमाळ निघाली, म्हणजे तोच आजार, मानेतल्या गाठींचा. लहान मुलांना होतो तो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात, बरी होईल. मग त्यांनी विचारलं, घरात दुसरं कुणी खोकतंय का?

गणेश म्हणाला, नाही.

मी म्हटलं, हो. त्याची आई.

परतीच्या वाटेवर गाडीत तो रडला. मी रडले नाही. स्वरा मागच्या सीटवर झोपली होती आणि तिच्या मानेला पांढरी पट्टी होती. मी त्याला विचारलं, फ्रिजवरच्या गोळ्या कुणी वर ठेवल्या? मग मीच सांगितलं, तू ठेवल्यास.

चाळ

आत्या काष्टीहून आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मंगलताईंना फोन केला. त्या आणि त्यांचे सुपरवायझर थुंकीची डबी घेऊन आमच्या घरी आले. आत्या घरात नव्हत्या. चहाचा कप अर्धा भरलेला होता, वाफ येत होती. गणेश म्हणाला, आई कुठं गेली माहीत नाही, तुम्ही उद्या या.

त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आमच्या मळ्यात कांदा साठवायची चाळ आहे, लांबट, बांबूच्या पट्ट्यांची. त्या हंगामात ती रिकामी होती. आतून खोकल्याचा दाबलेला आवाज येत होता, तोंडात पदर कोंबला की येतो तसा.

मी क्षणभर थांबले, हे खरं. घरोघरी झडत्या घेणाऱ्या पथकांबद्दल मी काय काय लिहिलं होतं ते सगळं डोक्यात आलं. लपलेल्या माणसाला बाहेर काढणारा त्या गोष्टीत कधीच चांगला नसतो. मग स्वराच्या मानेवरची पट्टी डोळ्यांपुढे आली आणि मी चाळीचं दार उघडलं.

आत्या कोपऱ्यात जुन्या पोत्यांवर बसल्या होत्या. माझ्यामागे मंगलताई दिसल्यावर त्यांना कळलं.

"तू आनलंस यांना?"

"हो."

"माझ्या दारात? बांधावरून समदी बघत्यात."

"मला बघत होते तेव्हा तुम्ही हाका मारून दाखवत होतात."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला खताच्या खोलीत ठिवशील तू. मला ठाव हाय. मी तुला ठिवलं तसं ठिवशील." मला तेव्हा कळलं की त्या आजाराला घाबरून लपलेल्या नव्हत्या. आजारी माणसाचं काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण ते त्यांनीच केलं होतं.

मी त्यांना तसं ठेवणार नाही, असं मी म्हणाले नाही. दोन पावलं बाजूला झाले आणि मंगलताईंना आत जाऊ दिलं.

त्यांच्या थुंकीत जंतू निघाले. स्वराला माझ्याकडून लागण झाली, की त्यांच्याकडून, की मला आधी त्यांच्याकडून झाली, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आलं नाही. मी पुन्हा पुन्हा विचारलं. दर वेळी त्या म्हणाल्या, त्याचा उपयोग काय? उपयोग मला होता. मला एक नाव हवं होतं. ते मिळालं नाही, आणि आमच्या घरात आजही मी आणि आत्या एकमेकींकडे बोट दाखवतो.

हॉल

आत्यांना खताच्या खोलीत ठेवलं नाही. हॉलमध्ये ठेवलं, दोन मोठ्या खिडक्या उघड्या टाकून. स्वराला आणि मला आतल्या खोलीत घेतलं. हे मी मोठ्या मनानं केलं असं कुणी समजू नये. डॉक्टरांनी हवेशीर म्हटलं होतं आणि मला डॉक्टरांचं ऐकायचं होतं, एवढंच. त्यांच्या साड्याही उकळल्या नाहीत. नुसत्या धुतल्या. त्या माझ्या हाताकडे बघत राहायच्या, मी कधी सूड घेते याची वाट बघितल्यासारखं.

गणेशशी मी बोलते. कामापुरतं. त्यानं एकदा म्हटलं, आईला तू धरून दिलंस. मी म्हटलं, तू मला आणि तुझ्या लेकीला धरून दिलं होतंस, फक्त कुणाला फोन करावा लागला नाही. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. पण स्वराच्या गोळ्या आता तो स्वतः देतो, पाण्याचा पेला हातात घेऊन उभा राहतो. तिच्या गाठी बसत आल्या आहेत. ती पुन्हा शाळेत जाते.

माझे उपचार संपले. मी पूर्ण बरी आहे. प्रबंधातलं ते ‘अज्ञानापोटी’ काढून टाकलं. लोक का लपतात याला शब्द अज्ञान नाही. पण झडत्या घेणाऱ्यांना नुसतं राक्षस म्हणणंही मला आता जमत नाही. मार्गदर्शक सर म्हणतात, बाजू स्पष्ट होत नाही. मी त्यांना म्हटलं, नाहीच होत.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात हा आजार निघाला असेल, तर दोनच गोष्टी सांगते. माणसाला डॉक्टर सांगतील तेवढेच आठवडे वेगळं ठेवा, आणि जिथं वारा आहे तिथं ठेवा. आणि घरात कुणाचा जुना खोकला असेल तर आधी त्याच्या थुंकीची डबी तपासणीला पाठवा, मग दुसऱ्याकडे बोट करा.

आत्यांच्या गोळ्या अजून चालू आहेत. त्या मध्यंतरी गोळी तोंडात धरून मागच्या बाजूला थुंकत होत्या, ते मंगलताईंच्या लक्षात आलं. तेव्हापासून रोज सकाळी कॉलेजला निघायच्या आधी मी त्यांच्यासमोर बसते. पाणी देते. गोळी देते. त्या गिळतात. मग मी म्हणते, "तोंड उघडा."

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी काय ढोर हाय?" मी बॅटरी हातात घेतली. त्यांनी तोंड उघडलं, जीभ वर केली. गाल आतून बघायला मी बॅटरी मारली. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला ओळखीचं होतं, कारण मी खिडकीतून त्यांच्याकडे तसंच बघायचे.

गोळी गेली होती. मी पेला उचलला आणि म्हटलं, "उद्या पुन्हा."

"व्हय," त्या म्हणाल्या, आणि तोंड पुसलं.